गोळ्या वारंवार खाली-डावीकडे जात असतील तर: पिस्तुलाची पकड आणि धक्क्याचे नियंत्रण

२५ मीटर पिस्तूल प्रकारात पॉइंट टू-टूने (०.२२ इंची गोळीच्या पिस्तुलाने) जलद टप्प्याचा, म्हणजे मोजक्या सेकंदांत एकेक गोळी झाडण्याचा, सराव सुरू केलेल्या नेमबाजांची एक तक्रार ठरलेली असते. "सर, पयल्या दोन गोया बराबर जातेत, मंग साऱ्या खाली डावीकडं पयतेत," अशा शब्दांत ती वर्धा-यवतमाळकडच्या तालुक्यांतून येणारी मुलेमुली मांडतात आणि टार्गेट पाहिले तर तिच्यात अतिशयोक्ती नसते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या पाच गोळ्यांपैकी शेवटच्या तीन घड्याळाच्या सात-आठच्या काट्याकडे ओघळलेल्या दिसतात. यावर मिळणारा सल्लाही ठरलेलाच असतो, तो म्हणजे धक्का सांभाळ आणि पकड घट्ट कर. त्याने काही दिवस फरक पडल्यासारखा वाटतो आणि मग गोळ्या पुन्हा त्याच जागी जाऊ लागतात. माझ्या मते हा सल्ला निदानातच चुकलेला आहे, आणि म्हणूनच ही अडचण वारंवार परतते.

आधी धक्क्याचा हिशेब मांडून पाहावा. पॉइंट टू-टूची गोळी साधारण ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते आणि स्पर्धेचे पिस्तूल किलोपेक्षा थोडे जड असते. गोळी नळीतून पुढे जाते त्या काळात पिस्तूल मागे सरकते खरे, परंतु दोघांच्या वजनांच्या प्रमाणातच सरकते. त्यामुळे गोळीने नळीतले बारा-तेरा सेंटीमीटर अंतर कापेपर्यंत पिस्तूल मागे येते ते मिलिमीटरच्या जेमतेम एक-तृतीयांश भागाएवढे. हे सारे एक-दोन मिलिसेकंदांत आटोपते आणि माणसाचा हात एखाद्या धक्क्याला जाणीवपूर्वक प्रतिसाद देतो तो साधारण एक-पंचमांश सेकंदानंतर. म्हणजे नळीचे तोंड वर उडालेले आपल्याला जे दिसते, ते बहुतांशी गोळी निघून गेल्यानंतरचे असते. धक्क्याने गोळी खाली ढकलली जाणे त्यामुळे शक्य नाही, कारण धक्का नळीला वर उचलतो. गोळी खाली गेली असेल, तर ती धक्का येण्यापूर्वी हातानेच खाली नेलेली असते.

ही चूक किती बारीक असते, हेही पाहण्यासारखे आहे. २५ मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. एवढ्या अंतरावर फ्रंट साइट (पुढची नेमखूण) रिअर साइटच्या, म्हणजे मागच्या नेमखुणेच्या, खाचेत एक मिलिमीटर खाली बसली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर खाली लागते. प्रिसिजन टप्प्याच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या टार्गेटवर, जिथे दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, ती सहात जाईल. जलद टप्प्याच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळच १०० मिलिमीटरचे असल्यामुळे ती आठात तरून जाते. मोठ्या वर्तुळामुळे हा दोष जलद टप्प्यात बराच काळ झाकलेला राहतो, म्हणून निदानाचा सराव प्रिसिजन टार्गेटवरच करावा.

माणसाला दोष देण्यापूर्वी मात्र पिस्तूल तपासणे न्याय्य ठरते. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ग्रिपचा मुख्य स्क्रू, तळहाताखालच्या फळीचा स्क्रू आणि रिअर साइट हलते का, हे बोटांनी पाहावे. विदर्भात याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि दिवाळीत घट्ट बसवलेली ग्रिप पत्र्याच्या शेडमधील उन्हाळी शिबिरात ढिली झालेली आढळते. केसाएवढे हलणारे लाकूड तळहाताला जाणवत नाही, टार्गेटला मात्र जाणवते. त्यानंतर एखाद्या अनुभवी नेमबाजाने तेच पिस्तूल आणि त्याच डब्यातील गोळ्या वापरून, हात वाळूच्या पिशवीवर टेकवून सावकाश पाच गोळ्या झाडाव्यात. त्या मध्यावर एकत्र पडल्या, तर साइटच्या स्क्रूला हात लावू नये. खाली-डावीकडे जाणाऱ्या गोळ्यांवर उपाय म्हणून साइट वर-उजवीकडे फिरवणारे पुष्कळ भेटतात आणि मग ज्या दिवशी त्यांचा हात नीट चालतो, त्या दिवशी त्यांच्या गोळ्या एकच्या काट्यावर जातात.

पिस्तूल निर्दोष ठरल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा, की पहिल्या दोन गोळ्या चांगल्या का जातात. जलद टप्प्यात टार्गेट प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद खुले राहते आणि मध्ये ७ सेकंदांचा अवधी असतो, ज्यात हात ४५ अंशांपेक्षा वर ठेवता येत नाही. म्हणजे धक्क्यानंतर नळी खाली आणायला वेळ अपुरा पडतो, हे कारण इथे लागूच होत नाही. ते स्टँडर्ड पिस्तुलाच्या १० सेकंदांच्या मालिकेत किंवा पुरुषांच्या रॅपिड फायरमधील ४ सेकंदांच्या मालिकेत लागू होते. ३ सेकंदांच्या प्रकारात घडते ते वेगळेच. प्रत्येक धक्क्याने पिस्तूल तळहातात किंचित सरकते आणि तिसऱ्या गोळीपर्यंत पकड मूळच्या जागेवर राहिलेली नसते. हात वर आल्यावर फ्रंट साइट खाचेच्या मध्यावर दिसत नाही, नेमबाज ती मनगट वळवून मध्यावर आणतो, तोपर्यंत दोन सेकंद संपलेले असतात, आणि मग उरलेल्या वेळेत ट्रिगर ओढला न जाता अख्खी मूठच आवळली जाते. मुठीच्या त्या आवळण्याने नळीचे तोंड खाली आणि, उजव्या हाताच्या बाबतीत, डावीकडे वळते.

त्यामुळे पकडीची खरी कसोटी तिच्या जोरात नसून तिच्या सारखेपणात आहे. पहिल्या गोळीला हाताचा जो भाग लाकडाला जिथे आणि जेवढ्या दाबाने टेकला होता, तो पाचव्या गोळीलाही तिथेच आणि तेवढ्याच दाबाने टेकलेला असला पाहिजे. धक्का आला तर येऊ द्यावा. सारख्या पकडीतील पिस्तूल सारखेच उडते आणि जवळपास सारख्याच जागी परत येते. बैलाचा कासरा धरणाऱ्या हाताला हे सांगावे लागत नाही, कारण कासरा सोडूनही चालत नाही आणि ओढून धरला तर बैल अडतो.

पकड बसवण्याची पद्धत

पिस्तूल उजव्या हाताने टेबलावरून उचलून थेट नेम धरणे, ही या दोषाची सुरुवात असते. नळी टार्गेटच्या दिशेनेच ठेवून पिस्तूल डाव्या हाताने पुढच्या भागाला धरावे आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्यामधील बेचके ग्रिपच्या मागच्या खोबणीत जितके वर जाईल तितके वर, सरळ मागून, दाबून बसवावे. नळीची रेषा हातापेक्षा जितकी उंच, तितका धक्क्याचा मनगटावरील पीळ मोठा, हे साधे गणित आहे. म्हणून बेचके खाली राहिले तर बाकी सारे योग्य असूनही नळी अधिक उडते. त्यानंतर मधले बोट व अनामिका यांनी लाकूड सरळ मागे, बेचक्याच्या दिशेने ओढून धरावे. मुख्य दाब याच दोन बोटांचा असतो. करंगळीने फक्त टेकावे, कारण ती आवळली की नळीचे तोंड खाली जाते. अंगठा त्याच्या जागेवर निवांत ठेवावा. त्याचा बाजूने पडणारा दाब प्रत्येक गोळीला बदलतो आणि म्हणून तो मुळातच नको.

तर्जनीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण अर्धा दोष तिथे दडलेला असतो. पहिल्या पेराच्या गादीचा मध्य ट्रिगरवर यावा आणि तर्जनीचे मूळ लाकडाला चिकटू नये. दोघांमधून एक पोस्टकार्ड सहज सरकले पाहिजे. बोट लाकडाला घासत असेल, तर ट्रिगर ओढताना ते पिस्तुलालाच बाजूला ढकलते. २५ मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो, तर १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम पुरतात. एअर पिस्तुलावरून पॉइंट टू-टूकडे आलेल्या मुलांची तर्जनी दुप्पट दाबाला एकटी पुरी पडत नाही आणि ती नकळत शेजारच्या बोटांची मदत घेते. गावाकडच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला सतत दिसते. त्यांच्या हातात ताकद भरपूर असते, परंतु ती विळ्याची, कुऱ्हाडीची, फवारणी पंपाच्या दांड्याची असते, आणि त्या कामात पाचही बोटे एकदमच आवळली जातात. अशा हाताला आणखी घट्ट धरायला सांगणे म्हणजे दोष वाढवणे होय. त्याला एक बोट वेगळे चालवायला शिकवावे लागते. घडी केलेला टॉवेल मधल्या दोन बोटांनी स्थिर दाबून धरायचा आणि त्याच वेळी तर्जनी सावकाश वाकवत-सरळ करत राहायची, हा व्यायाम बसच्या प्रवासातही करता येतो; टॉवेलवरचा दाब तर्जनीबरोबर बदलला, तर तो डाव्या हाताने चाचपून लगेच कळतो.

दाब किती असावा, हे ठरवण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. रिकामे पिस्तूल नेमाच्या स्थितीत धरून फ्रंट साइट थरथरू लागेपर्यंत मूठ आवळत जावे, मग थरथर थांबेपर्यंत ती सैल करावी आणि तिथेच थांबावे. तो दाब त्या दिवसाचा असतो. दिवसभर डवरणी केलेल्या हाताची थरथर सकाळच्या हातापेक्षा लवकर सुरू होते. म्हणून कामाच्या दिवसांत सराव पहाटे उरकणे चांगले, आणि वेचणीच्या हंगामात कापसाच्या वाळलेल्या बोंडांनी बोटांची टोके फाटलेली असतील तर ट्रिगरचा सराव सरळ काही दिवस थांबवावा. दुखरे बोट ट्रिगरला झटका देण्याची सवय लावते आणि ती सवय जखमेपेक्षा जास्त टिकते.

मनगट मात्र सैल सोडू नये. कोपर सरळ, मनगट पक्के, आणि नळी, मनगट व हाताचा पुढचा भाग शक्य तितक्या एका रेषेत असावा. मनगट ढिले असेल तर धक्क्याचा जोर हाताच्याच हालचालीत वाया जातो आणि स्वयंचलितपणे पुढची गोळी भरणारे पिस्तूल अडकते, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर पडत नाही किंवा पुढची गोळी अर्धवट बसते. पिस्तूल वारंवार अडकते म्हणून गोळ्यांचा ब्रँड बदलणाऱ्यांनी आधी आपले मनगट पाहावे.

पकड बसली की डोळे मिटून रिकामे पिस्तूल नेमाच्या उंचीवर उचलावे, एक श्वास घ्यावा आणि डोळे उघडावेत. फ्रंट साइट खाचेच्या मध्यावर आणि माथ्याला समतल दिसली पाहिजे. ती डावी-उजवीकडे दिसत असेल, तर मनगट वाकवून ती मध्यावर आणू नये. डाव्या हाताने पिस्तूल तळहातात किंचित फिरवून पकड पुन्हा बसवावी. दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या असून नेम टार्गेटच्या बाजूला जात असेल, तर तो पकडीचा दोष नाही. तिथे पाय सरकवावेत. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. पुन्हा पुन्हा एकाच बाजूला फरक पडत असेल, तर ग्रिप त्या हाताला बसत नाही असे समजावे. उधारीच्या किंवा संस्थेच्या पिस्तुलावर चार-पाच जण सराव करतात आणि ग्रिप एकाच मापाची असते, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. अशा वेळी लाकूड कानशीने घासण्याचा मोह टाळून तळहाताखालची फळी तरी प्रत्येकाने आपापल्या खुणेवर आणून घ्यावी. फळी तळहाताला टेकावी, परंतु हात चेपू नये. ज्यांची स्वतःची ग्रिप आहे, त्यांनी पोकळ राहणाऱ्या जागी लाकडाची पुट्टी भरून ती घासून घ्यावी. मात्र ग्रिपचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नसावा, ही नियमाची मर्यादा पाळावी लागते.

घामाचा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण मार्चनंतर पत्र्याखाली पाच गोळ्यांतच पकड सरकू लागते. सुती पंचा टेबलावर ठेवून प्रत्येक मालिकेपूर्वी तळहात आणि लाकूड दोन्ही कोरडे करावेत. गुळगुळीत झालेल्या ग्रिपवर कारागिराकडून बारीक टोचे मारून खरबरीतपणा आणून घेणे, हा टिकाऊ उपाय आहे.

हात धक्क्याची वाट पाहतो का, हे ओळखणे

पकड सुधारूनही गोळ्या खालीच जात असतील, तर दचकणे तपासावे. ही तपासणी अधिकृत रेंजवर, रेंज ऑफिसरच्या समोरच करायची. सहकाऱ्याने मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एक-दोन डमी (दारू नसलेल्या) गोळ्या नेमबाजाला न दाखवता भराव्यात आणि त्याने नेहमीसारखी मालिका झाडावी. डमीवर ट्रिगर पडतो तेव्हा धक्का नसतो. त्या क्षणी नळीने खाली बुडी मारली, तर हात येणाऱ्या धक्क्याला आधीच विरोध करत होता हे सर्वांसमोर सिद्ध होते. सहकाऱ्याने मोबाइलवर बाजूने चित्रीकरण केले तर नेमबाजाला वाद घालायला जागा राहत नाही, आणि वाद घालणारे असतातच. ट्रिगर पडून आवाज झाला नाही, तर डमी आहे असे गृहीत धरू नये. खरी गोळी उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून नळी टार्गेटकडेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच पिस्तूल उघडावे.

दचकण्यावर उपाय म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा सराव, आणि तो खऱ्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त झाला पाहिजे. पॉइंट टू-टूमध्ये घोडा रिकाम्या चेंबरवर वारंवार पाडल्यास पिन किंवा चेंबरची कड खराब होऊ शकते, म्हणून स्नॅप कॅप (सरावासाठीचे नकली काडतूस) वापरावी. बहुतेक स्पर्धात्मक एअर पिस्तुलांत कोऱ्या सरावाची सोय असतेच. समोर टार्गेट न लावता कोऱ्या पांढऱ्या कागदावर हा सराव करावा. लक्ष केवळ फ्रंट साइटवर राहते, आणि ट्रिगर पडल्यानंतरही ती खाचेत निश्चल राहिली की नाही, एवढेच पाहायचे असते. ट्रिगर पडल्यावर दोन सेकंद बोट मागे दाबूनच ठेवावे. नंतर रेंजवर एक कोरा आणि एक खरा, असा आळीपाळीने क्रम ठेवावा आणि प्रत्येक खऱ्या गोळीनंतर दुर्बिणीत पाहण्यापूर्वी ती कुठे गेली असेल ते मोठ्याने सांगावे. ज्याला आपली गोळी कुठे गेली हे न पाहता सांगता येते, त्याचे डोळे धक्क्याच्या क्षणी उघडे असतात.

पॉइंट टू-टू पिस्तूल हे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या कक्षेतील अग्निशस्त्र आहे, त्यामुळे परवाना आणि अधिकृत रेंज यांच्याबाहेर, शेतात किंवा नाल्याच्या काठी, त्याचा सराव करता येत नाही. घरी कोरा सराव करताना गोळ्या त्या खोलीत असू नयेत, आणि सराव संपताच शस्त्र कुलपात जावे. गावातील घरांत दार उघडेच असते आणि शेजारची मुले विचारून आत येत नाहीत.

पोलीस भरतीची किंवा गृहरक्षक दलाची पार्श्वभूमी असलेले काही जण दोन्ही हातांची पकड शिकून आलेले असतात. त्या पकडीत डावा तळहात ग्रिपच्या मोकळ्या बाजूवर भरून बसतो, दोन्ही अंगठे पुढे जातात आणि धक्क्याचा मोठा भाग आधाराचा हात पेलतो. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलासाठी ती योग्यच आहे. परंतु आंतरराष्ट्रीय नियमांच्या पिस्तूल स्पर्धा एकाच हाताने खेळल्या जातात, त्यामुळे मोबाइलवरील दोन हातांचे व्हिडिओ पाहून उजवा हात सैल आणि डावा घट्ट ठेवण्याची रीत इथे आणली, तर आधार गेलेला उजवा हात उघडा पडतो. शाळेत एनसीसीच्या रायफलवर नेम शिकलेल्यांची अडचण याच्या उलट असते. त्यांना शस्त्र अंगाशी दाबून धरण्याची सवय असते आणि पिस्तुलाला दाबायला खांदा नसतो.

खांद्याची व दंडाची सहनशक्ती वाढवण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली एक किलोची होते. ती मानेला धरून हात सरळ ठेवत अर्धा मिनिट पेलावी, खाली घ्यावी, पुन्हा उचलावी. जलद टप्प्याची लय बसवायची असेल तर ३ सेकंद वर आणि ७ सेकंद खाली, असे मोबाइलच्या घड्याळावर पाच वेळा करावे, आणि या पाच वेळांत बाटलीवरचे एकही बोट हलवू नये. पाचव्या वेळी करंगळी आवळली जाते का, हे पाहावे; ती आवळली जात असेल तर पिस्तुलावरही तेच घडत असते.

डावखुऱ्यांनी वरच्या दिशा उलट वाचाव्यात, म्हणजे त्यांच्या गोळ्या खाली-उजवीकडे ओघळतील. घड्याळाच्या काट्यांवरून दोष सांगणारे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. ते शंका घेण्यापुरते ठीक आहेत, निदान म्हणून नव्हे, कारण एकाच जागी जाणाऱ्या गोळीमागे दोन वेगळी कारणे असू शकतात. गोळ्या एका दिशेला न ओघळता चहूकडे विखुरत असतील, तर हा लेख त्यांच्यासाठी नाही. तिथे आधी डोळे तपासून घ्यावेत, आणि तपासणीला जाताना नेत्रतज्ज्ञांना पुस्तकाचे अंतर सांगू नये. डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर हात सरळ ठेवून दोरीने मोजून न्यावे, कारण चष्म्याच्या भिंगातून स्पष्ट दिसायला हवी ती फ्रंट साइट.